शरदात नदीवर गळ टाकताना: ग्रेलिंग, बार्बेल आणि सोबतचे मासे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावच्या ओढ्यावर लहानपणी गळ टाकलेली आणि आता इंग्लंड-वेल्समध्ये राहणारी बरीच मराठी मंडळी सप्टेंबर उजाडला की हेच प्रश्न विचारतात. उत्तरं तिथल्या नद्यांपुरती आहेत. नियम सांगताना स्कॉटलंडचा वेगळा उल्लेख केला आहे.

उन्हाळा सोडून पानगळीत नदीवर का जायचं?

ग्रेलिंग वसंतात अंडी घालतो. उन्हाळाभर खाऊन तो ऑक्टोबरपर्यंत अंगाने भरतो आणि थंडी पडली तरी खाणं थांबवत नाही. बार्बेलचं उलट आहे. पाणी गार होत जाईल तसा तो मंदावतो, पण त्याआधीचे सहा-आठ आठवडे हावरटासारखा चरतो. त्यात पाणवनस्पती मरून वाहून जातात आणि उन्हाळ्यात गवताने भरलेली धार मोकळी होते. ट्राउटचा हंगाम ठिकाणाप्रमाणे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात संपत असल्याने काठावर गर्दीही कमी असते.

परवाना लागतो का? किती जुना चालतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १३ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला रॉड लायसन्स, म्हणजे गळ टाकण्याचा परवाना, लागतो. १३ ते १६ वयाच्या मुलांना तो फुकट मिळतो, पण काढावा लागतोच. २०१८ पासून वार्षिक परवाना घेतल्या दिवसापासून बारा महिने चालतो, आधीसारखा मार्चअखेर संपत नाही. एक दिवस आणि आठ दिवसांचेही परवाने असतात. विनापरवाना पकडलं गेलात तर दंड २,५०० पौंडांपर्यंत होऊ शकतो.

परवाना म्हणजे मासे धरण्याची सरकारी परवानगी. नदीच्या त्या तुकड्यावर उभं राहण्याचा हक्क वेगळा. तो जमीनमालकाचा किंवा क्लबचा असतो आणि त्यासाठी दिवसाचं तिकीट किंवा क्लबचं सभासदत्व लागतं. नवखे लोक नेमके इथेच अडखळतात: परवाना खिशात, तिकीट नाही. स्कॉटलंडमध्ये बहुतेक ठिकाणी सरकारी परवाना लागत नाही, मालकाची परवानगी मात्र लागतेच.

बंदीचा काळ कोणता?

नद्यांवर १५ मार्च ते १५ जून, दोन्ही दिवस धरून, कोर्स मासे (म्हणजे ट्राउट-सामन सोडून गोड्या पाण्यातले इतर मासे) धरायला बंदी असते. ग्रेलिंगला ट्राउटसारखा चरबीचा छोटा पर असला तरी नियमाच्या हिशेबात तो कोर्स माशातच धरला जातो. म्हणून ट्राउट बंद झाला तरी ग्रेलिंग १४ मार्चपर्यंत चालू राहतो.

ग्रेलिंग ओळखायचा कसा?

पाठीवरचा पर पाहा. शिडासारखा उंच, उलगडला की त्यावर तांबूस-जांभळे ठिपके दिसतात, आणि नराचा पर मागे लांब गेलेला असतो. अंग रुपेरी, त्यावर काळे शिंतोडे, आणि डोळ्यातली बाहुली गोल नसून पुढच्या बाजूला टोकदार असते. त्याचं शास्त्रीय नाव थायमॅलस थायमॅलस. ताज्या ग्रेलिंगला थाइमचा वास येतो म्हणून ते पडलं. थाइम आपल्या स्वयंपाकघरात नसतं, पण ओवा असतो, आणि दोघांच्या वासामागे थायमॉल हे एकच द्रव्य आहे. धरलेला मासा नाकाजवळ नेलात तर ओव्याच्या डब्याची आठवण येते. कधी काकडीसारखाही वाटतो.

नदीत तो कुठे उभा असतो?

खळाळ संपून पाणी गुडघा ते कमरेइतकं खोल होतं, तळाला स्वच्छ गोटे असतात आणि धार चालण्याच्या वेगाने जात असते, तिथे. त्याचं तोंड किंचित खाली वळलेलं असल्यामुळे त्याचं बरंचसं खाणं तळाशीच चालतं. थंडी वाढली की उथळ पाणी सोडून थवे खोल, संथ डोहाकडे सरकतात. एक मासा लागला तर जागा सोडू नका. ग्रेलिंग एकटा क्वचितच असतो. दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही झालं तर मात्र वीस पावलं पुढे सरका. एकाच जागी दिवसभर बसून राहणं ही या माशाबाबत सगळ्यात महागात पडणारी सवय.

टेस्ट, इचेन यांसारख्या खडूच्या खडकातून उगवणाऱ्या नद्या, वेल्समधली डी, वायचा वरचा भाग आणि इरफॉन, यॉर्कशायरमधल्या युअर व व्हार्फ, स्कॉटलंडची ट्वीड आणि टे, ही ग्रेलिंगची नावाजलेली पाणी.

फ्लोटने धरायचं तर जोडणी काय?

वाहत्या पाण्यात फ्लोट सोडत नेण्याच्या या पद्धतीला ट्रॉटिंग म्हणतात. नवशिक्याने सुरुवात यानेच करावी.

काठी १३ फुटांची, टोकाला मऊ. रीलवर ३ पौंडांचं तरंगणारं मोनो तंगूस. पुढचा दोर ०.१० ते ०.१२ मिमी जाडीचा, साधारण फूट-दीड फूट. गळ १६ किंवा १८ नंबरचा, उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट केलेला. फ्लोट मात्र हलका नको. खळाळत्या पाण्यात ४ ते ६ बीबी वजन पेलणारा, जाड टोकाचा फ्लोट लागतो. बीबीची एक गोळी ०.४ ग्रॅमची, म्हणजे एकूण दीड ते अडीच ग्रॅम. यातल्या बहुतेक गोळ्या फ्लोटपासून गळापर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर एकत्र लावा आणि एक बारीक गोळी गळाच्या वीत-दीड वीत वर.

खोली लावताना आमिष तळाच्या पाच-दहा सेंटिमीटर वर राहील असं पाहा. फ्लोट जागोजागी अडकत बुडत असेल तर खोली जास्त झाली. एकदाही तळाला लागत नसेल तर कमी.

आमिष म्हणजे मॅगट (माशीची अळी), दोन लाल किंवा एक लाल एक पांढरा. दिवसाला एक पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त), फार तर दोन. प्रत्येक फेकीआधी दहा-पंधरा मॅगट धारेत वर टाका आणि त्यांच्या मागोमाग फ्लोट सोडा. मूठभर मॅगट एकदम ओतले तर मासे त्यांच्यामागे खाली वाहत जातात आणि तुमच्या टप्प्याबाहेर पडतात. म्हणूनच प्रमाणापेक्षा लय महत्त्वाची. मॅगटचा डबा कोरडा ठेवा, कारण ओले मॅगट डब्याच्या गुळगुळीत भिंतीवरही चढतात आणि गाडीभर होतात.

फ्लोट बुडतो, झटका देतो, पण मासा लागत नाही. चूक कुठे?

पहिला संशय तंगुसावर घ्या. काठीच्या टोकापासून फ्लोटपर्यंत पाण्यावर कमान पडली असेल तर झटका आधी ती कमान सरळ करण्यात जातो आणि तोवर माशाने आमिष थुंकलेलं असतं. फ्लोट धारेबरोबर जाताना दर काही सेकंदांनी काठी उचलून तंगूस फ्लोटच्या मागे, वरच्या अंगाला आणून ठेवा.

दुसरं, मॅगट पाहा. नुसतं पारदर्शक सालपट उरलं असेल तर मासा येऊन गेला आहे. आमिष बदला आणि खोली दोन-चार सेंटिमीटर वाढवा. तिसरं, गळाचं टोक. गोट्यांवर घासून ते बोथट होतं. नखावर टेकवून ओढा, घसरलं तर गळ फेकून द्या.

आणि अधूनमधून फ्लोट किंचित रोखून धरा. आमिष तळापासून वर उचललं जातं, पुढे जातं, आणि बऱ्याचदा मासा त्याच क्षणी घेतो. हा सगळा हात बसण्याचा भाग आहे, तो बसायला दोन-तीन फेऱ्या लागतात.

मासा लागल्यावर जाळीपर्यंत येताना सुटतो. का?

ग्रेलिंग शिडासारखा पर धारेवर उघडतो आणि गोल-गोल वळतो. त्याला सरळ धारेविरुद्ध वर ओढलंत तर छोटा गळ निघून येतो. काठी आडवी धरून त्याला बाजूच्या संथ पाण्यात आणा, शक्य असेल तर स्वतः चार पावलं खाली उतरा. रीलचा ब्रेक इतका सैल ठेवा की बोटाने ओढल्यावर तंगूस सहज सुटेल.

निम्फ की फ्लोट?

पाण्यात उतरून मासेमारी करता येत असेल आणि क्लबचा नियम फक्त फ्लायचा (गळावर बांधलेल्या नकली किड्याचा) असेल, तर निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखी बांधलेली फ्लाय. १० फुटांची, २ ते ४ नंबरच्या फ्लाय-दोराची काठी, ०.१२ मिमीचा फ्लुरोकार्बन, आणि दोन निम्फ: तळाला टंगस्टनच्या ३ मिमी मण्याचा, वर हलका. गुलाबी श्रिंप, म्हणजे झिंग्यासारखी बांधलेली फ्लाय, थंड पाण्यात हमखास चालते. दोर काठीच्या दुपटीपेक्षा लांब सोडू नका. वर टाका, टोकाने पाठलाग करा, दोर जरा जरी थबकला तरी उचला. दुपारी ऊन पडून माशा उडू लागल्या तर रेड टॅग ही जुनी सुकी फ्लाय चालते.

बार्बेल म्हणजे आपल्या महसीरचाच भाऊ का?

चुलत भाऊ म्हणा. दोघेही कार्पच्या कुळातले, दोघांनाही तळ हुंगणाऱ्या मिशांच्या दोन जोड्या, दोघांनाही जोरदार धार आणि गोट्यांचा तळ आवडतो. युरोपातल्या आधीच्या अभ्यासकांनी महसीरला बार्बसच्याच वंशात टाकलं होतं. महाराष्ट्रातून आलेल्याला वाळण कोंडीतले महसीर आठवत असतील तर बार्बेलचा आकार ओळखीचा वाटेल, फक्त अंग लांबट आणि पोट सपाट. दहा पौंडांच्या वरचा बार्बेल मोठा समजावा.

मूळचा तो इंग्लंडच्या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचा: ट्रेंट, केनेट, स्वेल, युअर. सेव्हर्नमध्ये तो १९५६ साली केनेटमधून आणून सोडला आणि पुढे वायमध्येही पसरला. हॅम्पशायर अॅव्हनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थेम्समधले बार्बेल सोडले होते.

बार्बेलसाठी कोणती काठी आणि कोणता दोर?

ग्रेलिंगच्या सामानाने प्रयत्न करू नका, तुटलेला दोर ओठात घेऊन मासा फिरत राहतो. १२ फुटांची, १.७५ पौंड टेस्ट कर्व्हची (म्हणजे तेवढ्या वजनाने टोक काटकोनात वाकेल अशी) काठी, ४००० ते ५००० आकाराचं रील, १० ते १२ पौंडांचं मोनो. गळ ८ ते १० नंबरचा, पुढचा दोर ६० ते ९० सेंटिमीटर. आमिष ८ ते १४ मिमीचं पेलेट (माशांच्या खाद्याची कडक गोळी), गळावर न टोचता हेअर रिगवर, म्हणजे गळाच्या दांड्यातून निघालेल्या केसासारख्या दोऱ्यावर. पेलेट आणि गळाच्या वाकामध्ये तीन-पाच मिलिमीटर जागा ठेवा. पेलेट गळाला टेकलं तर मासा खेचतो तेव्हा टोक आत शिरत नाही.

फीडर, म्हणजे चारा भरून टाकायची वजनदार छोटी डबी, मुख्य तंगुसावर मोकळा सरकणारा असू द्या. तंगूस तुटला तर तो निघून गेला पाहिजे, नाहीतर मासा शंभर ग्रॅमचं वजन घेऊन फिरेल. हे सगळ्या जोडणीतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे, आणि दुकानात तयार मिळणारी प्रत्येक रिग ते पाळते असं नाही.

वजन धारेवर ठरतं. ६० ग्रॅम वाहून जात असेल तर ९०, मग १२०. त्याआधी एक युक्ती करून पाहा: फेकल्यावर मीटरभर जास्त तंगूस सोडा. धार त्या कमानीला ढकलते आणि ताण काठीवर सरळ येत नाही, त्यामुळे हलका फीडरही जागी बसतो. काठीची चाहूल वेगळी असते. दोन-तीन बारीक टिचक्या म्हणजे बहुधा छोटे मासे किंवा सिग्नल क्रेफिश (झिंग्यासारखा नांग्यांचा प्राणी) आमिष कुरतडतोय. बार्बेल घेतो तेव्हा टोक एकदम खाली वाकतं. काठी आधारावर घट्ट अडकवून ठेवा आणि तिथून हलू नका.

चारा किती टाकायचा? भांगेच्या बिया शिजवायच्या कशा?

आम्ही तापमान पाहून ठरवतो. पाण्याचा थर्मामीटर चार-पाच पौंडांना मिळतो आणि महागड्या काठीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पाणी १० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर सुरुवातीला फीडर पाच मिनिटांच्या अंतराने सहा-आठ वेळा भरून टाका, मग दर दहा-पंधरा मिनिटांनी. ६ ते ८ अंशांत दिवसभराला एक-दोन मुठी चारा पुरे. ५ अंशांखाली बार्बेल जवळजवळ चरत नाही, त्या दिवशी ग्रेलिंग किंवा चब या नदीतल्या दुसऱ्या माशाच्या मागे जा. चुका इथेच होतात: ऑगस्टात अर्धी बादली पेलेट ओतून मासे मिळाले, म्हणून नोव्हेंबरात तेवढेच ओतले जातात. थंडीत पचन मंदावलेलं असतं. पोट भरलेला मासा तुमच्या गळावरच्या एका पेलेटकडे वळणार नाही.

भांगेच्या बिया म्हणजे हेम्प मासेमारीच्या दुकानात पोत्याने मिळतात. एक किलो बिया चोवीस तास भिजवा, मग त्याच पाण्यात मंद आचेवर वीस-तीस मिनिटं शिजवा. फुटून पांढरं टोक बाहेर आलं, मटकीला मोड दिसतात तसं, की गॅस बंद करून झाकून ठेवा. पाणी ओतून टाकू नका, वास आणि तेल त्यातच असतं. हरभरे किंवा काबुली चणे वापरायचे असतील तर तेही रात्रभर भिजवून मऊ शिजवूनच. कोरडं कडधान्य माशाच्या पोटात फुगतं.

आमिष म्हणून डब्यातल्या लंचन मीटचे अंगठ्याएवढे चौकोनी तुकडेही चालतात. करी पावडर लावलेलं मीट इंग्लंडच्या काठांवर फार पूर्वीपासून वापरात आहे. आपल्या घरातला गरम मसाला आणि हळद थोड्या तेलात परतून लावली तरी हरकत नाही, फक्त हाताला लागलेली हळद काठीच्या कॉर्कवर डाग पाडते.

पाऊस पडून नदी चढली, तर जायचं की घरी बसायचं?

पाण्याचा रंग दुधाच्या चहासारखा आणि पातळी उतरायला लागली असेल तर बार्बेलसाठी याहून चांगला दिवस नाही. उबदार पावसाने आलेल्या पुरात तापमान चढतं आणि मासे काठाच्या अगदी जवळ येतात, कधी पायापासून तीन मीटरवर. भरधाव धारेत फेकू नका, काठालगतच्या संथ पट्ट्यात टाका. पेलेटऐवजी वासाचं मोठं आमिष लावा.

चढत्या पुरात, किंवा बर्फ वितळून आलेल्या गार पाण्यात मात्र काहीच होत नाही. ग्रेलिंगला गढूळ पाणी नकोच, गोटे दिसेपर्यंत थांबा. इंग्लंडमधल्या नदीची पातळी एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेच्या मोजणी केंद्रांवरून इंटरनेटवर दिसते. घरून निघण्याआधी ती पाहा.

पानगळीचा एक वेगळाच त्रास आहे. पहिला धुक्याचा, दवाचा आठवडा आणि वारा सुटला की पानं तंगुसावर जमतात आणि फीडर उचलतात. काठीचं टोक उंच धरा आणि जवळच्या धारेतच टाका. किंवा त्या दिवशी फ्लोट घ्या.

बार्बेल सोडल्यावर उलटा पडतो. काय करावं?

बार्बेल शेवटपर्यंत झुंजतो आणि पूर्ण दमून येतो. जाळीतून लगेच उचलू नका. जाळी पाण्यात ठेवून त्याला दोन-चार मिनिटं श्वास घेऊ द्या, मग ओल्या मॅटवर गळ काढा. फोटो काढायचा असेल तर आधी सगळं तयार ठेवा. हात ओले, मासा जमिनीपासून जास्तीत जास्त फुटभर वर. सोडताना तोंड धारेकडे, एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या बुंध्याशी. त्याला पुढे-मागे ढकलायची गरज नाही. कल्ले नियमित हलू लागले की तो स्वतःच झटका देऊन जातो. पाच-दहा मिनिटं लागू शकतात, थांबा. कीपनेटमध्ये (धरलेले मासे पाण्यात ठेवायच्या लांब जाळीत) बार्बेल कधीच ठेवू नका, पाठीवरच्या पराचा पहिला करवतीसारखा काटा जाळीत अडकून मासा जखमी होतो.

ग्रेलिंगलाही हेच, फक्त वेळ कमी. तोही सोडल्यावर कलंडतो.

घरी नेऊन खाता येतो का?

इंग्लंडमध्ये नदीतून दिवसाला दोन ग्रेलिंग, तेही ३० ते ३८ सेंटिमीटर लांबीचेच, नेता येतात. बार्बेल, चब, डेस, पर्च, रोच या यादीतले लहान मासे २० सेंटिमीटरपर्यंतचे, एकूण पंधरा, आणि एक पाइक ६५ सेंटिमीटरपर्यंतचा. ईल मात्र सोडावाच लागतो. हे सगळं मालकाच्या परवानगीनेच, आणि बहुतेक क्लब सगळं परत सोडायला लावतात. बार्बेलची अंडी विषारी असतात, ती खाऊन उलट्या-जुलाब होतात.

हंगामात आणखी काय लागतं?

चब कोणत्याही तापमानात चरतो. पडलेल्या झाडाखाली ब्रेडचा लगदा आणि किसलेलं चेडर मळून केलेला गोळा ६ नंबरच्या गळावर लावा, गावी कणकेचा गोळा लावतो तसा. पर्चला गांडूळ, पूल आणि खांबांच्या सावलीत. पाइकचा काळ ऑक्टोबरपासून. त्याला वायरचा ट्रेस (गळाजवळचा तारेचा दोर) आणि लांब चिमटा लागतोच, आणि गळ काढताना पहिल्यांदा जाणत्या माणसाला बरोबर घ्या.

भारतातून आणलेल्या शिशाच्या गोळ्या चालतील का?

नाही. ०.०६ ग्रॅमपेक्षा जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर इंग्लंड-वेल्समध्ये १९८७ पासून बंदी आहे. हंस त्या गिळून मरत होते. टंगस्टन किंवा इतर बिनविषारी गोळ्या घ्या. त्याहून मोठी शिशाची वजनं कायद्याने चालतात.

पाण्यात उतरताना काय जपायचं?

नोव्हेंबर ते जानेवारीत ट्राउट आणि सामन गोट्यांत अंडी घालतात. आजूबाजूच्या काळपट तळात एखादा फिकट, धुतल्यासारखा, मीटर-दोन मीटरचा पट्टा दिसला तर तो त्यांचा अंड्यांचा खड्डा आहे, त्यावर पाय देऊ नका. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर आधाराची वेगळी काठी टेकवतच चाला. गळाची कार्बनची काठी विजेची वाहक असते, वरच्या तारांपासून किमान ३० मीटर लांब राहा, विशेषतः काठी उभी धरून चालताना. मुंबईत पावसाळ्यात ज्याची भीती असते तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) इथल्या नद्यांतही आहे. हाताला जखम असेल तर झाकून घ्या आणि जेवणाआधी हात धुवा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यानंतर साडेचारच्या सुमारास अंधार होतो, म्हणून डोक्यावरचा दिवा पिशवीत असू द्या. घरी आल्यावर बूट आणि जाळी तपासा, गरम पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा, कारण परदेशी झिंगे आणि रोगजंतू एका नदीतून दुसरीत ओल्या सामानावरूनच जातात. वेडर (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारी) आतूनही वाळवावे लागतात: उलटे करून, पायांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, किमान दोन दिवस हवेशीर जागी.